सज्जनपणाची सूट

कॅनडातील माँट्रियल नगरीत 1953 साली एका तरुणाची सही मिळविण्यासाठी जो व्यवहार झाला, तो वतनांच्या कज्ज्यांत केस पिकविलेल्या मुखत्यारासही तोंडात बोट घालावयास लावील असा होता. ज्याँ बेलिव्हो हे बर्फावरील हॉकीचे (ध्यानचंदांची हॉकी निराळी; हिच्यात पायांना पाती बांधून रबराच्या चकतीमागे धावावे लागते) नामांकित खेळाडू क्वेबेक शहरात, नावापुरत्या हौशी असलेल्या लीगमधून खेळत होते. द्रव्य पुरेसे होते, लोक लुब्ध होते, आणि माँट्रियल कॅनेडियन्स या मातब्बर संघाच्या करारनाम्यावर सही करण्याची त्यांना यत्किंचितही निकड वाटत नव्हती. तेव्हा मनधरणीचे सर्व उपाय थकल्यावर त्या संघाच्या धन्यांनी ती अख्खी लीगच खरेदी केली, ती व्यावसायिक असल्याचे जाहीर केले, आणि व्यावसायिक बेलिव्होंवर आपलाच हक्क आहे असे दाखवून त्यांच्यापुढे लेखणी सरकविली. सही झाली. पाच वर्षांच्या कराराची रक्कम एक लक्ष डॉलरांहून अधिक होती.

पुढे अठरा हंगाम खेळून, एकूण 507 गोल आणि दहा स्टॅन्ली चषक पदरी घालून हे गृहस्थ 1971 साली निवृत्त झाले, आणि जी सही मिळविण्यासाठी एक लीग खर्ची पडली होती ती त्यांनी येईल त्याला फुकट देण्यास प्रारंभ केला. विमानतळावर, भोजनगृहात, थंडीने गारठलेल्या रस्त्याच्या कडेला, जो कोणी कागद पुढे करील त्याला ते सही देत. टपालाने आलेल्या पत्रांना स्वतः उत्तरे लिहीत. आणि सही अशी करीत की प्रत्येक अक्षर वाचता यावे. 1994 मध्ये पंतप्रधानांनी त्यांना गव्हर्नर जनरलपद देऊ केले होते. ते स्वीकारले असते तर देशाचे कायदे त्यांच्या सहीसाठी तिष्ठत राहिले असते. परंतु पितृछत्र हरपलेल्या नातींजवळ राहणे त्यांना अधिक अगत्याचे वाटले, आणि ती मौल्यवान सही तीन इंच व्यासाच्या काळ्या रबरी चकत्यांवरच उमटत राहिली.

आता या अपराधाबद्दल बाजाराने दिलेला निवाडा ऐकावा. बेलिव्होंची सही स्वस्त आहे. इतक्या थोर खेळाडूची सही इतक्या अल्प मोलात मिळावी याचे नवशिक्या संग्राहकास आश्चर्य वाटते. मुरलेला दलाल मात्र शांतपणे सांगतो की माणूस फार चांगला होता, त्याने फार सह्या केल्या. याच संघाचे गोलरक्षक जॉर्ज व्हेझिना 1926 साली क्षयाने, चाळिशी गाठण्यापूर्वीच, निवर्तले. त्यांच्या हातची अक्षरे आज दुर्मिळ आहेत आणि त्यामुळे ती मिळविण्यासाठी संग्राहक सर्वस्व पणाला लावतात. बेलिव्हो 2014 च्या डिसेंबरात, त्र्याऐंशी वर्षांचे होऊन, गेले. माँट्रियलने त्यांना राजेशाही निरोप दिला. त्या दिवशी संग्राहकांची काही कपाटे उघडून मोजदादही झाली असावी, आणि पुरवठा खुंटला तरी साठा अपार आहे हे पाहून ती पुन्हा बंद झाली असावीत. ज्याला वारसांसाठी काही ठेवून जावयाचे आहे अशा निवृत्त खेळाडूने तुसडेपणा अंगी बाणवावा आणि शक्य तर तरुणपणीच परलोकी प्रयाण करावे, असा या अर्थशास्त्राचा सरळ आदेश दिसतो.

खुद्द सहीपेक्षा तिच्याविषयीच्या दाखल्याला अधिक मान आहे, हा या दरबाराचा दुसरा कायदा. सही करणाऱ्याने तुमच्या डोळ्यांदेखत लेखणी फिरविली असली, तरी ती जबानी कामाची नाही. ज्याने त्याला जन्मात पाहिले नाही अशा तज्ज्ञाने भिंग लावून शहानिशा करावी, एक ते दहांपैकी गुण द्यावेत आणि मोर्तब करावे, तेव्हा कोठे तो ऐवज खरा ठरतो. वेन ग्रेट्स्कींसारख्या चक्रवर्ती खेळाडूच्या बाबतीत तर व्यापारी कंपनीचा साक्षीदार सहीच्या वेळी समोर हजर असतो आणि वर चकाकणारा अनुक्रमांकित होलोग्राम चिकटविला जातो. इतका बंदोबस्त आमच्याकडे मृत्युपत्रालाही लाभत नाही. ही व्यवस्था निष्कारण उपजलेली नाही, हेही कबूल केले पाहिजे. अमेरिकेच्या एफबीआयने गेल्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील बनावट सह्यांच्या टोळीवर छापे घातले, तेव्हा जप्त मालात बेसबॉलचे असे चेंडू निघाले की ज्यांवर साक्षात मदर तेरेसांची सही होती. कलकत्त्याच्या त्या माउलीने मरणोन्मुखांची शुश्रूषा अर्धी टाकून चेंडूवर नाव केव्हा घातले, हा प्रश्न गिऱ्हाइकाला सुचला नाही, कारण अशा टोळ्यांपाशी दाखले देणारेही घरचेच असत.

या दरपत्रकातील एक कलम मात्र प्रस्तुत लेखकास विशेष मननीय वाटते. सहीखाली ‘हॉल ऑफ फेम, 1972’ असे लिहिलेले असल्यास भाव चढतो. सहीवर ‘चिरंजीव अमक्यास, सप्रेम’ असे लिहिलेले असल्यास तो उतरतो. म्हणजे मुलाचे नाव विचारणे, ते नीट लिहिणे, हे ज्या क्षणी घडले त्या क्षणीच मालाची खराबी झाली. असली नावे रसायनाने पुसून काढणारे कसबी इसमही आहेत. पण त्यात सहीलाच इजा होण्याचे भय असल्यामुळे विवेकी विक्रेते दुसरा मार्ग पत्करतात, आणि पियेर नावाच्या मुलासाठी केलेली सही हातात घेऊन, पियेर नावाच्याच, शक्य तर श्रीमंत, गिऱ्हाइकाचा तपास लावीत बसतात.