गंजायला पाणी लागतं

छत्रपती संभाजीनगरात नवी गाडी बुक केली की शोरूममधला टायवाला तरुण हळूच विचारतो, "सर, अंडरबॉडी कोटिंग टाकू ना? खालून गंजते हो गाडी."

गंज चढायला लोखंड, हवा आणि पाणी लागतं. पहिल्या दोन गोष्टी मुबलक आहेत. तिसरीचं म्हणाल, तर धरण उशाला आणि कोरड घशाला. जायकवाडीचं पाणी नळाला कधी येणार, ते आम्ही शेजाऱ्यांना विचारत असतो. खारा वारा मुंबईचा, तो घाट चढून इथवर येत नाही. तरी याच शहराने ऑक्टोबर २०१० मध्ये एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. त्यामुळे काही हजारांच्या काळ्या थराला नाही म्हणणं प्रतिष्ठेला शोभत नाही.

वास्तविक आजकाल बऱ्याच गाड्यांचा पत्रा जस्ताच्या मुलाम्याचा असतो, आणि कारखान्यातच अख्खा सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवून काढतात. त्यावर आपला कारागीर उत्साहाने फवारा मारतो आणि दाराखालची, पाणी निथळायची भोकंही बुजवतो. मग जे थोडं पाणी आत शिरतं, ते तिथेच मुक्काम ठोकतं आणि गंज आतून सुरू होतो. वॉरंटीच्या कागदावर अर्थातच फक्त बाहेरची बाजू.

इंजिनच्या कप्प्यात तर गंजाआधी उंदीर येतो, वायरी कुरतडायला. त्याचंही पॅकेज आहे, सर.