श्री. व सौ. यांजकडून सप्रेम

भाऊंचे नाव मी इथे लिहीत नाही. गरजच नाही. जामसंड्यातल्या आमच्या वाडीच्या देवळात कधी आलात तर ते पायरीवर, बाकावर, घड्याळावर, घंटेवर आणि मान वर केलीत तर पंख्याच्या पात्यांवरही वाचायला मिळेल. देवाचे नाव कमानीवर एकदाच आहे, तेही 'सौजन्य' या शब्दाच्या वर.

भाऊंची निम्मी हयात लालबागच्या चाळीत गेली. आता निवृत्त होऊन गावी हापूसची कलमे सांभाळतात. बाजारात बांगड्याच्या वाट्यावरून दहा रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणारा हा माणूस देवळाची पायरी चढला की कर्ण होतो. फक्त आपण किती द्यायचे हे ठरवायच्या आधी त्यांना एक माहिती लागते. पावतीपुस्तक पुढे केले की ते मागची पाने उलटतात आणि शेजाऱ्याच्या पानाशी थांबतात. "ह्येना किती दिल्यान?" शेजाऱ्याने पाच हजार एक दिले असतील तर भाऊंचे पाच हजार पाचशे एक. वर्गणी गोळा करणाऱ्यांना हे आता पाठ झाले आहे. ते शेजाऱ्याकडे आधी जातात आणि त्याला चढवतात.

पंख्याची कथा वेगळी सांगायला हवी. पाती तीन, म्हणून नावेही तीन: कै. वडील, कै. आई आणि तिसऱ्यावर स्वतः भाऊ. बटण दाबले की हयात आणि कैलासवासी एकात एक मिसळून जातात आणि कोणालाच काही वाचता येत नाही. त्यामुळे मे महिन्यात, चाकरमान्यांनी देऊळ भरलेले असताना, कीर्तन ऐन रंगात आले की भाऊ पोराला खुणावतात, "जरा थांबव रे, लोकांका वाचूक दी." लोक घाम पुसत वाचतात.

एका जत्रेला देणगीदारांची यादी ध्वनिक्षेपकावरून वाचताना 'एक भक्त, गुप्तदान, एक हजार एक' असे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ घरोघरी जाऊन सांगत होते, "तो मी न्हय हां. उगाच लोकांचो गैरसमज नको." आमचा कोणाचाच तसा समज नव्हता. संध्याकाळपर्यंत मात्र झाला.

मुंबईचे जावई हिशेबनीस. त्यांनी एकदा सासऱ्यांच्या कानात 'ऐंशी-जी'चा मंत्र फुंकला आणि भाऊ पावतीवर करसवलतीचा शिक्का मागू लागले. दोन हजारांच्या वर रोख दिले तर सवलत नाही आणि देवळाच्या दुरुस्तीला दिलेले पैसे वजा व्हायचे तर ते देऊळ केंद्र सरकारने अधिसूचित केलेले लागते, असे चिटणिसाने समजावले. भाऊ गाभाऱ्याकडे बघत राहिले. आपला देव सरकारदरबारी अधिसूचित नाही, हे त्यांच्या जिवाला फार लागले.

मालवणचे एक ख्रिस्ती स्नेही दरवर्षी आंबे न्यायला येतात. त्यांनी एकदा सांगितले की, आमच्यात उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाला द्यायची जुनी शिकवण आहे आणि रविवारच्या मिस्साला पिशवी फिरते. कोणी किती टाकले ते शेजारच्याला कळत नाही. दहाव्या हिश्शाचे भाऊंना काही वाटले नाही. पिशवीचे ऐकून मात्र ते हादरले. "कळना नाय? मगे टाकतलो कोण?"

भाऊंचा आदर्श म्हणजे भागोजीशेट कीर. सावरकरांच्या प्रेरणेने त्यांनी रत्नागिरीत सर्व जातींना खुले असलेले पतितपावन मंदिर स्वखर्चाने बांधून दिले, ते १९३१ साली. गरिबीतून वर आलेला आपल्या कोकणातला माणूस, म्हणून भाऊ प्रत्येक सभेत त्यांचा दाखला देतात. एकदा गुरवाला राहवले नाही. "भाऊनु, त्येंनी आख्खा देऊळ दिल्यानी. तुमी पंखो दिल्यात." त्या वर्षी गुरवाला आंब्याची पेटी गेली नाही.

आता दुसरी बाजू. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने किनारपट्टीला झोडपले, तेव्हा आमच्या सभामंडपाचे छप्पर उडाले. भाऊंची स्वतःची कलमे आडवी झाली होती. तरी पाऊस तोंडावर आहे म्हणून वर्गणीची सभा बसायच्या आतच त्यांनी पत्र्यांचे पैसे आणून ठेवले, पावतीसुद्धा मागितली नाही. नाव त्यांनी नंतर तुळईवर घातले, हे खरे. पण त्या पावसाळ्यात देव कोरडा राहिला तो भाऊंमुळे. त्यामुळे भाऊंना हसताना मी आवाज बेताचा ठेवतो.

माझी तक्रार त्यांच्या नावाबद्दल नाहीच, नाव लावायच्या जागेबद्दल आहे. देवळाला घंटा मिळते, घंटेचा दोर मिळत नाही. दिवे मिळतात, बिल कोणी भरत नाही. गेल्या महिन्यात विहिरीतला पंप जळला. सभेत विषय निघताच सगळ्यांच्या माना भाऊंकडे वळल्या.

"पंप खय रवतलो?" भाऊंनी विचारले.

"पाण्यात."

"बाहेरसून दिसतलो?"

"नाय."

भाऊंनी थोडा विचार केला. "मगे आणि एक पंखो देतंय."

तो आलाही. वाचकांपैकी कोणाला पंप द्यायचा असेल तर गणपतीपूर्वी द्यावा. रीतसर पावती मिळेल, आरतीनंतर नावही पुकारू. पंखा मात्र कृपा करून कोणी देऊ नये.