गाडीचे मामा

जालना जिल्ह्यात पहिली मोटारसायकल कुणी एकट्यानं घेत नाही. पैसे बापानं कापूस विकून दिलेले असोत, फायनान्सवाल्याचे असोत, नाहीतर पोरानं एमआयडीसीत रात्रपाळ्या करून साठवलेले असोत, शोरूमची पायरी चढताना पुढे मामा असतात. हे सख्खे मामा असायलाच हवेत असं नाही. भोकरदनपासून परतूरपर्यंत दर मोठ्या गावाला असे एक मामा असतातच. लग्नात नवरीला बोहल्यावर आणतो तो मामा, तसं पोराला गाडीपर्यंत आणतात ते हे. फरक एवढाच की लग्नातला मामा काम झालं की बाजूला होतो.

मामांच्या शर्टाच्या खिशाला एक टेस्टर अडकवलेला असतो. तो कशासाठी, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. मामांचा अधिकार एवढाच की तरुणपणी त्यांच्याकडे येझदी होती. तिची जी किक तोच गिअर. दांडी वर करून किक मारायची आणि तीच दाबून गिअर टाकायचा. असली गाडी ज्यानं हाकली त्याला बाकी गाड्या पोरखेळ वाटणारच. येझदीवर मामा जालन्याहून औरंगाबादला किती वेळा गेले, हा आकडा दर दसऱ्याला वाढतो. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला, पण मामांचं ज्ञान चालू राहिलं. 2022 मध्ये येझदी नव्या रूपात परत आली तेव्हा मामांनी मोबाइलवर फोटो पाहिला आणि एवढंच म्हणाले, “ही ती नव्हं.”

शोरूममध्ये शिरल्यावर मामा आधी टाकीवर बोटाची गाठ वाजवतात. जालना हे सळयांचं गाव. इथं भट्ट्या आणि रोलिंग मिलांच्या धुरात वाढलेल्या माणसाला लोखंड कळतं, असं प्रत्येकालाच वाटतं. तेवढ्याच खात्रीनं मामा मोंढ्यात मोसंबीही दाबून बघतात. टाकी वाजवून झाली की चेहरा पडतो. “पत्रा राहिला नाही आता.” मग मडगार्डवर टिचकी. “हे तर पिलास्टिकच.” टाय घातलेला सेल्समन हसून मान हलवतो. त्याला आज सकाळपासून हे तिसरे मामा आहेत.

मग प्रश्न सुरू होतात. ॲव्हरेज किती देते? सेल्समन सांगतो त्यातून मामा दहा वजा करतात, कारण कंपनी खोटं बोलते. रीसेलला किती येईल? गाडीला अजून नंबर पडलेला नाही, पण ती विकायची कितीला याची चिंता आधी. पेट्रोलात ऑइल किती टाकायचं? हा प्रश्न टू-स्ट्रोकच्या जमान्यातला, पोरगं हळूच सांगतं, “मामा, आता नाही टाकत.” मामा ऐकत नाहीत. ते खाली वाकून चोक शोधत असतात. 2020 च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहा आलं, कार्बोरेटर गेला, त्याच्याबरोबर चोकही गेला. मामा मात्र तो सापडेपर्यंत सरळ उभे राहायला तयार नसतात.

या सगळ्या गडबडीत ज्याला गाडी चालवायची आहे तो पोरगा बाजूला उभा असतो. उंची पाच फूट तीन इंच, आजवरचा अनुभव सायकलचा आणि चुलत्याच्या स्कूटीचा एक फेरा. त्याच्या मित्रांचा कौल पल्सरला. कारण तिच्या कंपनीचा कारखाना वाळूजला, म्हणजे ती आपलीच. त्याच्या मनात बुलेट. बापाच्या डोक्यात स्प्लेंडर, कारण बापाच्या बापालाही तिचं नाव माहीत होतं. ती 1994 पासून विकली जातेय आणि तिचा सुटा भाग मंठ्यातल्या पंक्चरवाल्याकडेही मिळतो. भांडण ॲव्हरेजवर, रीसेलवर, आवाजावर चालतं. तुझे पाय जमिनीला टेकतात का, हे मात्र त्याला कुणी विचारत नाही.

खरं तर नवख्याचा सगळा प्रश्न तिथंच सुटतो. स्प्लेंडरची सीट 785 मिलिमीटर उंच आणि गाडीचं वजन 112 किलो. बुलेटची सीट फार तर दोन बोटं वर, पण वजन 195 किलो. नवा माणूस गाडी पळताना फारसा पाडत नाही. पाडतो ती उभी असताना, मोंढ्यातल्या गर्दीत, चढावर, पाय खड्ड्यात गेल्यावर. तेव्हा 112 किलो मांडीनं सावरता येतात. बुलेट सावरायला चार माणसं बोलवावी लागतात, आणि ती येतात, पण आधी मोबाइल काढतात.

मामांना हे सांगून उपयोग नाही. ते सध्या जीएसटीवर बोलत असतात. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला, आणि हे मामांच्या सल्ल्यावरूनच झालं असावं असा त्यांचा सूर असतो. “म्हणलो व्हतो नं, जरा थांब?”

गाडी ठरते. नारळ, हार, हँडलला लिंबू-मिरची. मग राजूरच्या गणपतीला. राजूरला जाताना गाडी मामा चालवतात. मालक मागे, हातात पेढ्यांचा पुडा. मामांच्या मते नव्या इंजिनला जाणता हात लागावा लागतो. परतताना जालन्याच्या अलीकडे मोकळा रस्ता बघून ते हँडल पोराकडे देतात आणि शिकवणी सुरू होते.

“पुढचा ब्रेक लावायचाच नाही. गाडी पलटी खाते.”

मराठवाड्यातल्या किमान दोन पिढ्या या एका वाक्यावर मोटारसायकल शिकल्या. ब्रेक दाबला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. घाबरून एकदम आवळला तर घसरवतो, हळूहळू दाबला तर वाचवतो. पण 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक नाहीतर एबीएस सक्तीचं झालं, आणि बहुतेकींना जोडब्रेकच आला: मागचा दाबला की थोडा पुढचाही आपोआप लागतो. म्हणजे मामांचा शिष्य मागचा ब्रेक दाबतो आणि गाडी मामांना न विचारता पुढचाही लावून मोकळी होते. कायद्यानं मामांवर केलेली ही सगळ्यात मोठी कुरघोडी.

दुसरी कुरघोडी लायसन्सची. शिकाऊ लायसन्सवर मोटारसायकल चालवताना मागे फक्त शिकवणारा बसू शकतो, आणि त्याच्याकडे स्वतःचं पक्कं लायसन्स हवं. मामांकडे आहे. ते औरंगाबादचं आहे, कारण काढलं तेव्हा जालना जिल्हाच नव्हता. तो 1 मे 1981 ला झाला. लायसन्सचं नूतनीकरण केलंत का, असं विचारलं की मामा म्हणतात, “जिल्हा बदलला तर त्यांनी कळवायचं की आपण?”

अशा मामांना मागच्या पाडव्याला एक भाची भेटली. बियाणे कंपनीत नोकरी, देऊळगाव राजाच्या बाजूला शेडनेटमधल्या बीजोत्पादनाचे प्लॉट बघायचं काम. मामांनी तिला स्कूटर सुचवली. पोरींना ती बरी असते, असं त्यांचं शास्त्र. ती म्हणाली, “मामा, पावसाळ्यात बांधावरच्या काळ्या चिखलात छोटं चाक रुततं. मला अठरा इंची पाहिजे.” मामांनी टाकी वाजवायला हात उचलला तोवर ती सीटवर बसली होती. दोन्ही टाचा टेकवून पाहिल्या. उतरून गाडी शोरूमच्या उतारावरून मागे ढकलली, परत वर आणली, मधल्या स्टँडला लावली, काढली. सेल्समनला ॲव्हरेज विचारलं नाही. मामांनी कोपरानं ढोसलं तरी विचारलं नाही. मग तिनं आयएसआय शिक्का बघून हेल्मेट घेतलं, डोक्यात घालून मान दोन्ही बाजूंना हलवली आणि पैसे भरले. राजूरला ती स्वतः चालवत गेली. मामा मागे बसले, पुडा मामांच्या हातात.

महिन्याभरानं अंबडच्या एका पैलवान पोराला घेऊन मामा त्याच शोरूममध्ये आले. पोरगा सव्वासहा फुटाचा. मामांनी टाकी वाजवली नाही. गाडीकडे बोट दाखवून करड्या आवाजात म्हणाले, “बस. आधी पाय टेकतेत का बघू. मी भाचीलाही आधी हेच विचारलं.”

पोरानं पाय टेकवले. गुडघे हँडलला लागले.

“टेकले,” मामा सेल्समनला म्हणाले. “आता ॲव्हरेज सांग.”