वाटणीवाले तात्या

तात्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोज आहे, उबुंटू आहे, फेडोरा आहे आणि 'असू दे एक' म्हणून डेबियनही आहे. यातल्या एकावरही तात्यांनी साधा अर्ज टाइप केल्याचं कुणी पाहिलेलं नाही. त्यांचा जीव वाटण्यांत. भावकीत दर पावसाळ्यात बांध हातभर सरकतो, तशी तात्यांची पार्टिशनं दर रविवारी सरकतात.

एमबीआरच्या काळात त्यांची फार कुचंबणा झाली. प्रायमरी पार्टिशनं चारच. पाचवं हवं तर एकाला एक्स्टेंडेड करून त्यात पोटहिस्से पाडा. पुढे जीपीटी आलं, विंडोजसुद्धा १२८ पार्टिशनांना हो म्हणू लागलं, आणि तात्यांना रान मोकळं झालं.

रविवारी नाश्ता झाला की पेनड्राइव्हवरून जीपार्टेड सुरू. "उबुंटूला २० जीबी कमी पडतायत, विंडोजकडून काढू." काढायला वेळ लागत नाही. पण मोकळी जागा निघते उबुंटूच्या अलीकडे. म्हणजे त्याची सुरुवातच मागे न्यायची आणि आतला सगळा डेटा उचलून नव्या जागी मांडायचा. हे तासन्‌तास चालतं, आणि तोवर घरात मिक्सर लावायला बंदी. "फ्यूज उडाला तर?" काकू मुकाट्यानं पाटा-वरवंटा काढतात.

उबुंटूतून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे. मदरबोर्डवरची वेळ लिनक्स यूटीसी धरतं, विंडोज तीच स्थानिक समजतं. दुपारी दोनला काकू जेवायला हाक मारतात, तर तात्या पडद्याकडे बोट दाखवतात, "आत्ताशी साडेआठ!" एका ओळीच्या कमांडनं हे मिटतं, ती त्यांना पाठही आहे. पण घड्याळ यूटीसीवरच असावं, हे त्यांचं तत्त्व आहे. (तत्त्ववाल्या माणसांच्या घरी जेवणं उशिराच होतात.)

मागे त्यांनी भाच्याची फोटोंची डिस्क 'नीट लावून' दिली, म्हणजे ईएक्सटी४ केली. भाच्यानं ती विंडोजच्या लॅपटॉपला जोडली. विंडोजला ती वाचता येईना. त्यानं फॉरमॅट करू का म्हणून विचारलं, आणि सरळमार्गी भाच्यानं होकार दिला. मुंजीपासूनचे फोटो गेले. तात्या म्हणाले, "आता कशी सलग जागा मिळाली! दोन भाग पाडू."

माणूस मनानं फार चांगला, बोलावल्याशिवायही येतो. तेवढं तो यायच्या आत बॅकअप घेऊन ठेवा.