पंपपारखी

नगर-मनमाड रस्त्याला राहुरी मागे पडली की उसाच्या ट्रॉल्या, शिर्डीच्या गाड्या आणि वॉशिंग सेंटरं यांची गर्दी सुरू होते. यातल्या कुठल्याही सेंटरवर एक तात्या असतोच. कुठे त्याला अण्णा म्हणतात, कुठे बापू. नगर म्हणजे क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा जिल्हा, 14 तालुके, नावात एवढा फरक चालायचाच. ओळखायच्या खुणा मात्र ठरलेल्या: पायात गमबूट, खिशाला टेस्टर, आणि पंपाचा विषय निघाला की समोरच्याला बोलू न देण्याची सवय.

तात्या मूळचे डाळिंबवाले. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा भगवा वाण लावला, चार पैसे बघितले, मग तेल्या रोग आला आणि बाग काढावी लागली. मागे उरला तो फवारणीचा एचटीपी पंप. आडवा, तीन पिस्टनचा, पट्ट्यावर फिरणारा. वॉशिंग सेंटरला लागतो तोही हाच. तात्यांनी तो रस्त्याकडेला आणून बसवला, रॅम्प बांधला आणि झाडांऐवजी बोलेरो धुवायला घेतल्या. बोलणं बागेतलंच राहिलं. शाम्पूला ते आजही औषध म्हणतात. काळ्या मातीने माखलेली गाडी आली की तिच्याभोवती एक फेरी मारतात, मडगार्डखाली वाकून बघतात आणि हळहळत सांगतात, “हिला दोन हात औषध लागंल.”

नुसतं पाणी मारायचं होतं तोवर सगळं ठीक होतं. तात्या बिघडले ते फेसापायी. गाडी पांढऱ्या फेसात बुडाल्याशिवाय हल्ली गिऱ्हाइकाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही. त्यातच अमेरिकेतल्या भाच्याने फोनवर दाखवलं, की तिकडे माणूस स्वतःच गाडी धुतो. गोल बटण फिरवून साबण, फेस, मेण, साधं पाणी यातलं हवं ते निवडायचं, आणि मागच्या खोलीत एकेका औषधाला वेगळा छोटा पंप. यातलं स्वतः धुण्याचं तात्यांनी जागच्या जागी उडवून लावलं. “पैसे देऊन सोताच धुवायची, तर घरी म्हस हाये की!” आपल्याकडचं गिऱ्हाईक खुर्चीत बसून चहा पितं आणि बशी हातात धरूनच ओरडतं, “ओ, त्या चाकाच्या आत मारा!” धुण्याचे पैसे ते या हुकुमासाठीच देतं, असं माझंही मत आहे. पण ती भिंतीवरची पंपांची रांग तात्यांच्या मनात भरली.

औषध मोजून सोडणारा डोझिंग पंप निवडणं हे खरं तर तिसरीच्या पोराचं गणित आहे. नळीतून मिनिटाला 20 लिटर पाणी जातंय, औषध पन्नासाला एक घालायचंय, म्हणजे मिनिटाला 400 मिली, तासाला 24 लिटर. थोडा वाव ठेवून तीसचा पंप घ्यावा. तात्यांनी दोनशेचा घेतला. “कमी कशाला? मोटार तांब्याच्या वाइंडिंगची हाये.” दुकानात त्यांनी पंपाला अंगठा लावून प्रेशर बघितलं, कान लावून बेअरिंग ऐकलं, रंगावरून नख फिरवलं. पहिल्या दिवशी फेस गाडीवरून रॅम्पवर, रॅम्पवरून गटारात आणि गटारातून शेजारच्या रसवंतीत गेला. रसवंतीवाल्याशी बोलणं अजून बंद आहे.

एवढं सगळं तपासून एक गोष्ट विचारायची राहिली: आतलं रबर कुठलं? नवऱ्या मुलाची जमीन, बंगला, गाडी सगळं बघावं आणि मुलगाच बघायचा राहावा, तसं. डायफ्राम आणि सील ईपीडीएमचे असतील तर साबणाच्या औषधाशी त्यांचं उत्तम जमतं; डिझेल लागलं की मात्र फुगतात. व्हायटॉनला तेल चालतं, तीव्र अल्कली सोसत नाही. तात्यांनी त्याच पंपातून सकाळी शाम्पू ओढला आणि दुपारी ट्रकच्या चासीवर डिझेल मारलं. डायफ्राम पुरीसारखा टम्म झाला. निदान तयारच होतं: “कंपनीच बोगस.”

नवल याचं वाटतं, की बोर्डो मिश्रण फवारून झालं की हाच माणूस अंधार पडला तरी पंपातून साधं पाणी काढल्याशिवाय जेवायला बसत नसे. शाम्पू मात्र रात्रभर पंपातच राहतो, वाळतो, व्हॉल्व्हच्या गोळ्या चिकटतात. त्यात बोअरचं क्षाराचं पाणी. सकाळी पंप ओढत नाही, की तात्या पाना घेतात. आणि तात्यांनी पाना घेतला की पंप बदलावाच लागतो. जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं 2024 साली, सेंटरची पाटी अजून जुनीच आहे. तेवढ्या काळात पंप तिसरा.

खंडेनवमीला रांग रस्त्यापर्यंत गेली होती. तात्यांनी पाण्याच्या मोठ्या पंपाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा घसघशीत हार घातला, बटण दाबलं. तासाभरात पंप खडखडायला लागला आणि पाण्याची धार पडली. “पिस्टन गेला,” असं जाहीर करून तात्या नगरला धावले आणि संध्याकाळी नवा पंप घेऊन आले. तोवर हाताखालच्या पोराने टाकीतली सक्शनची जाळी काढून झटकली होती. तिच्यातून झेंडूच्या पाकळ्या निघाल्या आणि जुना पंप झकास चालू होता. तात्यांनी एकदा पंपाकडे बघितलं, एकदा पोराकडे. “थकलाच होता तसा तो,” म्हणाले, आणि नवा बसवायला घेतला.

शेडमागे जुन्या पंपांची ओळ आहे. तात्या त्यातला एकही भंगारात घालत नाहीत. कुणी दहा मिनिटं बसला तर प्रत्येकाची कुंडली सांगतात, आणि त्यात दोष नेहमी कंपनीचा, दुकानदाराचा किंवा विजेचा निघतो.

तुम्हाला पंप घ्यायचा असेल तर तात्यांना जरूर सोबत न्या. दुकानदार त्यांना वचकून असतो, भाव कमी करतो, चहाही मागवतो. फक्त चहा येईपर्यंत आतलं रबर कुठलं आणि तासाला किती लिटर, हे तुम्ही स्वतः विचारून घ्या, आणि दुकानातून निघताना एक जास्तीची जाळी मागून घ्या.