आधी गिझर उघडायला लावा

डिसेंबरात परभणी-नांदेडकडं पारा दहाच्या आसपास उतरला, की दुकानांवर पाट्या लागतात: जुना गिझर द्या, नवा न्या. मिस्त्रीही झाकण न काढताच निकाल देतो, 'लई जुना झाला, बदलून टाका. लाइटबिल कमी येईल.'

लाइटबिलाचं हे साफ खोटं आहे. कॉइल जुनी असो की नवी, जेवढी वीज खाते तेवढी उष्णता पाण्यालाच देते. पंचवीस लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला पाऊण-एक युनिट लागतं, नव्यालाही तेवढंच. मग ते पाच स्टार? तापलेलं पाणी चोवीस तास टाकीत ठेवलं तर किती उष्णता वाया जाते, त्यावरून ते मिळतात. आपल्याकडं सकाळी बटण दाबलं, बादल्या भरल्या, बटण बंद. अशा घरात स्टार वाचवून वाचवून काय वाचवणार? गिझर दिवसभर चालू ठेवणाऱ्यांनी ते जरूर बघावेत.

आपल्या गिझरचा खरा वैरी बोअरचं पाणी आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे सगळ्या देशानं पाहिलं. पण नळ आटला की इथल्या घरांच्या टाक्यांत वर्षानुवर्षं पडत आलंय ते काळ्या खडकातून उपसलेलं क्षारांचं पाणी. ते तापलं की क्षार सुटतात, कॉइलवर पांढरं कवच चढतं. उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि कॉइल जळते. गिझर 'गेला' म्हणतात तेव्हा बहुतेकदा एवढंच झालेलं असतं. कॉइल शेकड्यांत मिळते, गिझरला हजारो मोजावे लागतात. आणि नव्यातही पाणी तेच जाणार!

टाकीच आतून गंजून गळत असेल तर मात्र डागडुजीच्या नादी लागू नका, बदला. पाण्यात करंट लागत असेल तर त्याच क्षणी वापर बंद करा आणि अर्थिंगही तपासून घ्या. क्षारांनी प्रेशर वॉल्व्ह अडकला असेल तर तो आजच बदला, टाकी फुटू शकते. आणि स्वस्त पडतो म्हणून बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर कदापि बसवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस अंघोळ करता करता कोसळतो.

बाकीच्यांनी दरवर्षी दिवाळीआधी गिझर उघडून क्षार काढून घ्यावेत. टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर तेवढा बदलावा. थर्मोस्टॅट साठच्या वर नेऊ नये, जास्त तापलं की क्षारही जास्त धरतात. मिस्त्री 'बदला' म्हणाला तर त्याला आधी झाकण काढायला लावा. टाकी शाबूत असेल तर दुकानाची पायरी चढू नका.