स्वयंभू वणवा

त्र्यंबकेश्वरच्या लिंगासारखा नाशिकचा वणवाही स्वयंभू असावा. उन्हाळा लागला की ब्रह्मगिरी, अंजनेरी, पांडवलेणीचे डोंगर अधूनमधून पेटतात आणि पेटवणारा सहसा सापडत नाही. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या वन कायद्यानं गुन्हा. कायदा बिचारा शंभरीला टेकला. वनखातं जाळरेषा काढतं, लोक म्हणतात, जाळलं की गवत जोमानं येतं. अंजनेरीच्या नावाची दुर्मीळ वनस्पती आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. तिचं मत कुणी घेतलेलं नाही.

पायथ्याला मात्र ‘हिल व्ह्यू’ प्लॉट जोरात. कुंपणाला खेटून वाळकं गवत, अग्निशमनाचा बंब शहरात. दलालाला विचारा, म्हणेल, ‘‘साहेब, रात्री डोंगर काय उजळतो! त्या बाजूचा रेट वेगळा.’’